समुद्राचं विरजण

पाण्यात मीठ कालवलं की समुद्र तयार होतो असं समजणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. त्यांत माझा नवरा पहिला.

"तीन फुटांची काचेची पेटी ती. तिका एवढी नाटकां कित्याक?" रुपेशने विचारलं होतं. तो मालवणचा कुबल. घरात चार पिढ्या होड्या. आता त्या होड्यांत मासळीपेक्षा पर्यटक जास्त चढतात. त्यांना किल्ल्यामागच्या खडपांपाशी, म्हणजे पाण्यातल्या खडकांपाशी न्यायचं, तोंडाला पाण्यात बघायचे मुखवटे लावायचे आणि पाण्याखालचं प्रवाळ दाखवायचं, हा त्याचा धंदा. मी सांगलीची. लग्न करून इथे आले आणि इथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते.

लागोपाठच्या दोन उन्हाळ्यांत समुद्र एवढा तापला की खडपांवरचं बहुतेक प्रवाळ पांढरं पडून मेलं. एका खोल घळीत थोडं उरलं होतं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे, तो प्राणी आहे. त्याच्या अंगात एक सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. ते उन्हात साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी घरमालकाला देतं. त्या साखरेवरच प्रवाळ जगतं, त्याचा रंगही या भाडेकरूमुळेच. पाणी फार तापलं की शैवालाचं बिघडतं, ते साखरेऐवजी विष सोडायला लागतं आणि प्रवाळ त्याला हाकलून देतं. मग रंगही जातो आणि अन्नही जातं.

म्हणून ठरलं होतं असं, की घळीतल्या प्रवाळाचे बोटाएवढे तुकडे घरच्या टाकीत गार पाण्यात उन्हाळाभर सांभाळायचे आणि पावसाळा सरला की परत नेऊन खडपाला बांधायचे. परवानगी माझ्या नावावर मिळाली. इथल्या प्रवाळाचं इथलं शैवाल जिवंत ठेवायचं, एवढंच काम होतं. ते गेलं असतं तर कुठूनही विकत आणता येणार नव्हतं.

दिवाळी झाल्यावर मी टाकी मांडली. गाळून क्षार काढलेलं पाणी, त्यात मोजून मीठ, प्रवाह फिरवायला पंप, पाण्यातली घाण फेसाबरोबर उचलणारं यंत्र, वर निळसर दिवा आणि गारव्यासाठी चिलर. तळाशी भोकाभोकांचा वाळका खडक रचला. आणि मग वाट पाहत बसले, कारण टाकी मांडणं म्हणजे मुख्यतः वाट पाहणं. टाकीत जो जीव सोडाल तो घाण करणार, त्या घाणीतून अमोनिया होणार, आणि अमोनिया म्हणजे विष. ते पचवणारे जिवाणू खडकाच्या भोकांत वस्ती करेपर्यंत टाकीत काहीही सोडायचं नसतं. आधी जिवाणू, मग शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई, मग शंखातले छोटे खेकडे, आणि सगळ्यात शेवटी प्रवाळ. घाई करणाऱ्याची टाकी हमखास मरते. मी फक्त अमोनियाचे थेंब घालून रोज पाणी मोजत होते, मला तर विकतचे जिवाणूसुद्धा घालायचे नव्हते. बाहेरचं काही येऊच द्यायचं नव्हतं.

याच सुमारास आमच्या ओटीवर दुसरी टाकी आली. ती 'नीलगर्भ' नावाच्या पुण्याच्या कंपनीची, अशा टाक्या ती फक्त किनाऱ्यावरच्या घरांना विकत होती. आम्ही घरात पाहुणे ठेवतो, त्यांना बघायला काहीतरी हवं म्हणून रुपेशने ती घेतली. कंपनीचा माणूस स्वतः मांडायला आला होता. नाव ऋग्वेद पाटणकर, वय पंचविशीचं, हसणं टूथपेस्टच्या जाहिरातीतलं. त्या टाकीतलं प्रवाळ केशरी, जांभळं, पोपटी, नुसतं झगमगत होतं. त्याच्यात प्रयोगशाळेत घडवलेलं शैवाल होतं, 'चिरंजीव' नावाचं. पाणी कितीही तापलं तरी हा भाडेकरू घर सोडत नाही आणि विषही सोडत नाही.

"आणि साखर किती देतो?" मी विचारलं.

"मॅडम, त्यासाठी आपलं खाद्य आहे ना! दिवसातून एकदा एक चिमूट."

"म्हणजे भाडेकरू भाडं देत नाही."

"थोडं कमी देतो," तो हसला. "पण घर सोडत नाही. शिवाय हे शैवाल टाकीबाहेर जगत नाही. तशी हमीच आहे आमची."

मी रुपेशला बजावलं की ओटीवरच्या टाकीतला थेंबसुद्धा माझ्या टाकीजवळ यायला नको. दोन्हींच्या बादल्या वेगळ्या, जाळ्या वेगळ्या. रुपेशने मान डोलावली. सासूबाईंना सांगायला हवं हे माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण त्या टाक्यांकडे फिरकत नसत. निदान मला तसं वाटत होतं.

होळीच्या आधी माझ्या टाकीतला अमोनिया एकदम उतरला. मला आनंद झाला. गोगलगाई सोडल्या, खेकडे सोडले, आणि मग रुपेशनेच बुडी मारून घळीतून तुकडे आणून दिले. मातकट, तपकिरी, बघायला अगदी सामान्य. मी एकेक तुकडा औषधी पाण्यात बुचकळून, चिकटवून, खडकावर बसवला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "ह्यांका रंग नाय तो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आई, हाच त्यांचा रंग." त्यांचं काही समाधान झालं नाही.

पुढे एका दुपारी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. चिलर बंद. मी कॉलेजातून आले तोवर टाकी कोमट झाली होती आणि तुकडे फिके पडले होते. मी रात्रभर बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडत बसले. पण हळूहळू ते सावरले. इतके सावरले की आठवड्याभराने एकाच्या टोकाला केशरी झाक दिसली. मग दुसऱ्याला जांभळी.

"रंग इलो बघ!" सासूबाई टाळ्या पिटत म्हणाल्या.

मी लगेच कात्री घेतली. एक टोक कापून कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. चिरंजीवच्या पेशीत कंपनीने ओळखीची खूण ठेवलेली असते, निळ्या प्रकाशात ती पिवळी चमकते. माझ्या तुकड्याच्या पेशीपेशीत पिवळे ठिपके होते. तापलेल्या पाण्यात माझ्या प्रवाळाने आपलं शैवाल टाकलं होतं, आणि मोकळ्या घरात जो दारात उभा होता तो शिरला होता. प्रत्येक तुकडा तपासला. एकही सुटला नव्हता.

घरी येऊन मी रुपेशवर तुटून पडले. तो शपथा घ्यायला लागला. तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"त्येका कित्याक बोलतंस? मी घातलंय."

"काय घातलंत?"

"तुझा पाणी लागाक नाय, तू रोज तोंड पाडून बसायचंस. रुपेशाच्या टाकयेतला पाणी बरा जिता होता. त्यातला वाटीभर तुझ्या टाकयेत घातलंय, आणि एक बारीकसो धोंडो. विरजाण घातल्याबिगर दही लागता काय गो?"

वाईट याचं की त्या चुकल्या नव्हत्या. जगभर लोक नवी टाकी अशीच लावतात, जुन्या टाकीतला खडक नव्यात घालून. शेजारणीकडून वाटीत विरजण मागून आणणाऱ्या बाईला ते कोणी शिकवायची गरज नव्हती. माझी टाकी त्यांच्यामुळेच लागली होती, आणि त्यांच्यामुळेच बुडाली होती.

"आई, तुम्ही मला विचारलं का नाही?" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले.

"विरजाण घालूक कोण इचारता?" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि मला त्याचाही राग आला.

मी दोन तुकडे वेगळे काढून एका भांड्यात ठेवले. तेच पाणी, तोच प्रकाश, फक्त खाद्य बंद. रंग शेवटपर्यंत तसाच राहिला. आतला जीव मात्र पातळ होत गेला, जसा तापाने माणूस आतून झिजतो तसा. आणि एका सकाळी सगळी कातडी निसटून तळाशी पडली, खाली पांढरा सांगाडा. समुद्रात प्रवाळ थोडंफार तरंगतं अन्न पकडतं हे खरं, पण तेवढ्यावर त्याचं भागत नाही. चिरंजीव घेतलेलं प्रवाळ उन्हाने मरणार नव्हतं, भुकेने मरणार होतं. आणि मरताना सुंदर दिसणार होतं, म्हणजे कोणाला पत्ताही लागणार नव्हता.

मी ऋग्वेदला फोन केला. वाटलं होतं घाबरेल. तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर! माझ्या टाकीसमोर गुडघ्यावर बसला आणि लहान पोरासारखा हरखून गेला.

"मॅडम, हे ग्रेट आहे! स्थानिक प्रवाळाने आपणहून चिरंजीव घेतलं! आम्हाला प्रयोगशाळेत टोचावं लागतं. हे तुकडे पावसाळ्यानंतर समुद्रात जाणारच आहेत ना?"

"जाणार नाहीत."

"का? परवानगीत तसंच आहे."

"भुकेने मरतील. आणि शेजारच्यांना घेऊन मरतील."

"मग खाऊ घालू की." त्याने असं म्हटलं जणू तुळशीला पाणी घालायचं होतं.

मी त्याला शांतपणे विचारलं, खरंच शांतपणे, की टाकीबाहेर जगत नाही अशी हमी देणारं शैवाल तुम्ही किनाऱ्यावरच्याच घरांना का विकता? पुण्यात श्रीमंत कमी आहेत का?

तो उठून माझ्याजवळ सरकला. मग आवाज उतरवून, विश्वासात घेतल्यासारखा म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून बोलतो. समुद्रात सोडायला आम्हाला कायद्याने बंदी आहे. पण माणसाच्या मायेला कोण बंदी घालणार? ज्याच्या डोळ्यांसमोर त्याचा समुद्र पांढरा पडलाय, त्याच्या घरात जिवंत रंगीत तुकडा असला, तर तो कधी ना कधी नेऊन ठेवणारच. त्यात वाईट काय आहे?"

मी त्याला घराबाहेर काढलं. दंडाला धरून काढलं. पाहुणे बघत होते, बघू देत. सासूबाईंवर ओरडले ते चुकीच्या माणसावर ओरडले, हे मला तेव्हा कळलं. ह्या लोकांनी आमची माया हिशेबात धरून धंदा मांडला होता.

आता रंगीत तुकडे समुद्रात न्यायला सगळेच टपले होते. होडीवाले येऊन टाकी बघून जात, म्हणत, वहिनी, तुमच्या हाताला यश आहे. मी आणखी वाट पाहिली असती तर माझ्या नाकावर टिच्चून कोणीतरी ते नेले असते. म्हणून एका दुपारी मी विहिरीवरून गोड्या पाण्याच्या बादल्या आणल्या, गोगलगाई आणि खेकडे वेगळे काढले, टाकीतलं खारं पाणी क्लोरीन घालून मारलं, आणि बाहेर काढून ठेवलेल्या तुकड्यांवर गोडं पाणी ओतलं. समुद्रातल्या जिवाला गोडं पाणी म्हणजे मरण. प्रवाळ ओरडत नाही हे बरं आहे. फक्त त्याच्या अंगातून तार सुटलेला चिकट पदार्थ बाहेर येतो. मी ओतत होते आणि रडत होते. रुपेश उंबऱ्यावर बसून बघत होता.

सगळं झाल्यावर तो म्हणाला, "गौतमी, मी लावलंय."

"काय?"

"ओटीवरच्या टाकयेतले चार तुकडे. घळीच्या तोंडाक. शिमग्याच्या आधी."

बादली माझ्या हातातून पडली. "आणि तू हे आत्ता सांगतोस? मी मारून झाल्यावर?"

"सांगून काय उपेग? तू थांबणार होतंस?" मग तो उंबऱ्यावरून उठला. "बापाशीन माका पयल्यांदा बुडवल्यान ता त्याच खडपार. आता खाली जातंय तर सगळा मसणवाटेसारखा पांढरा. पाहुणे इचारतत, हेच काय तुमचा प्रवाळ? तो ऋग्वेद म्हणालो, दादा, तुकडा तुटलो तर तो खय टाकायचो ता तुमचा तुमी बघा. मी बघलंय. माका बघवत नाय गौतमी, मरताना."

मी त्याला मारलं. छातीवर, दोन्ही मुठींनी, थकेपर्यंत. त्याने हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या होडीतून गेलो आणि दोघांनी बुडी मारली. छिन्नी-हातोडी घेऊन गेले होते. हा समुद्र म्हणजे अभयारण्य, इथे प्रवाळ फोडलं तर गुन्हा, तोही करायची माझी तयारी होती. पण खाली पोचल्यावर कळलं, हातोडी उचलून काही उपयोग नव्हता. त्या वर्षीही पाणी तापलं होतं, घळीतलं उरलंसुरलं प्रवाळ आपलं शैवाल टाकून मोकळं झालं होतं, आणि चिरंजीव घराघरात शिरलं होतं. जिथवर दिवा जात होता तिथवर केशरी, जांभळं, पोपटी. इतकं सुंदर दृश्य मी मालवणच्या समुद्रात कधी पाहिलं नव्हतं. मी घाईने वर आले.

मग काय, बातम्या झाल्या. प्रवाळ जिवंत झालं. पर्यटकांची रीघ लागली. होडीवाल्यांची सभा भरली, त्यात नीलगर्भने समुद्रात टाकायचं खाद्य पुढे केलं, पहिलं वर्ष मोफत. रोज सकाळी प्रत्येक होडीने खडपांवर पाकिटं रिकामी करायची.

मी उठून सांगितलं की हे सोंग आहे, हे प्रवाळ उपाशी आहे. एकजण म्हणाला, "वहिनी, तुमचे मेले म्हणून आमचे पण मरूक होये काय?" लोक हसले.

"बरं," मी म्हटलं. "आता मला एवढंच सांगा. पावसाळ्यात होड्या बंद. जूनपासून समुद्रात एक माणूस उतरू शकत नाही. तेव्हा याला कोण भरवणार?"

सगळ्यांनी ऋग्वेदकडे पाहिलं. पुण्याच्या त्या हुशार पोराच्या तोंडावर जे आलं ते बघून मला कळलं की हा प्रश्न त्यांच्या त्या काचेच्या इमारतीत कोणाच्या डोक्यातही आला नव्हता. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

"त्यावर आमची टीम काम करतेय," तो म्हणाला.

रुपेश उभा राहिला. "मी लावलंय ता," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "माका ह्यानी सुचवल्यान." आणि बोट दाखवलं.

"बघा, स्वतःच कबूल करतायत," ऋग्वेद चटकन म्हणाला. "कंपनीने समुद्रात काहीही सोडलेलं नाही."

त्यांचा वकील नंतर हेच म्हणत राहिला. रुपेशवर गुन्हा नोंदला गेला, होडीचा परवाना अडकला. कंपनीला साधी नोटीसही गेली नाही.

जून आला. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारल्या. समुद्र खवळला. मी रोज सकाळी किनाऱ्यावर जात होते, का ते मलाही सांगता आलं नसतं. आषाढाच्या अखेरीला लाटांबरोबर तुकडे यायला लागले. पांढरे, हलके, हातात घेतले की कुस्करतील असे. आधी मूठभर, मग ढीगच्या ढीग. बायका टोपलीत भरून बघायच्या आणि परत वाळूवर ओतायच्या. सभेत मला टोमणा मारलेला माणूस एक दिवस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि एक तुकडा उचलून निघून गेला. मला त्याची दया आली नाही. घरी माझी टाकी कोरडी पडली होती. परत नेऊन बांधायला माझ्याकडे एक तुकडाही उरला नव्हता.

नारळी पौर्णिमेला नेहमीप्रमाणे सगळे बंदरावर जमले. ऋग्वेद छायाचित्रकार घेऊन आला होता, झब्बा घालून. नारळाबरोबर खाद्याचं सोन्याच्या कागदातलं पाकीट समुद्राला अर्पण करायचं, असं त्याने कोणाकोणाच्या गळी उतरवलं होतं. नारळ पाण्यात गेला. आता गाऱ्हाणं. म्हणजे देवाला मोठ्याने साकडं घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमावाने होकार भरायचा. ते घालायला गावातले वडीलधारे पुढे झाले, तेवढ्यात सासूबाईंनी त्यांना हाताने बाजूला सारलं.

"आज मी घालतंय."

बाईने गाऱ्हाणं घातलेलं मालवणात कोणी ऐकलं नव्हतं. पण कोणी अडवलं नाही. सत्यवती कुबल पदर खोचून पाण्यात घोटाभर उतरल्या.

"बा देवा सागरा! सालाबादप्रमाणे तुका नारळ दिलो आसा, तो गोड मानून घे!"

"होय महाराजा!" सगळं बंदर म्हणालं. ऋग्वेदनेही हात जोडून म्हटलं. छायाचित्रकाराने टिपलं.

"मी विरजाण घातलंय, माझ्या झिलान तुकडे लायल्यान. मायेपोटी चुकलंव, ता पोटात घाल!"

"होय महाराजा!"

"पण महाराजा, जो कोण आमची माया गळाक लावन तुका धरूक इलो..." इथे त्या वळल्या आणि सरळ ऋग्वेदकडे बघायला लागल्या. "तुका जसो तेणी उपाशी मारल्यान, तसो तो भरल्या ताटार उपाशी रवांदे! तेच्या पोटाक अन्न लागा नये, तेच्या डोळ्याक नीज लागा नये!"

ऋग्वेदचे जोडलेले हात खाली आले. सोन्याच्या कागदातलं पाकीट त्याच्या पायाशी चिखलात पडलं आणि ते उचलायला कोणी वाकलं नाही.

मग माझ्या शेजारून, सभेत टोमणा मारलेल्या त्याच माणसाच्या गळ्यातून सुरुवात झाली, आणि सगळा किनारा गरजला, "होय महाराजा!"

मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. शाप लागत नाहीत, हे मी वर्गात मुलांना शिकवते. लग्नाला इतकी वर्षं झाली, गाऱ्हाण्याला मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी इतकी ओरडले की पुढचे काही दिवस मला कॉलेजात फळ्यावर लिहूनच शिकवावं लागलं.